आगाऊ आभार

४ फेब्रुवारी

ती. आईस,
प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. लोकरीचे मोजे तीन जोड, उशांचे अभ्रे चार, ह्यांच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर एक आणि साबणाच्या वड्या सहा, त्यांतली एक फुटलेली. पार्सलावरची तिकिटं मी मोजली. तेवढ्या पैशांत इथे नवे मोजे पाच जोड आले असते आणि साबणही फुटला नसता. पोस्टमनने तीन जिने चढल्याबद्दल चहापाण्याचे मागितले. मी त्याला चहा आणि पाणी दोन्ही दिलं, पैशांपेक्षा स्वस्त पडतं. अभ्र्यांना तू केलेली इस्त्री अजून मोडलेली नाही. ह्यांनी स्वेटर घातला आहे, तो काढायला तयार नाहीत.

पोटातल्या गाठीचं पुढे काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. डॉक्टर ऑपरेशन म्हणत असतील तर तारीख कळव. तुझी लाँड्री चार दिवस बंद राहिली तर गावातले लोक चुरगळलेले फिरतील, मरणार नाहीत.

आणखी एक. तू रागावशील, पण लिहितेच. तिथल्या दफनभूमीचा नियम तुला माहीत आहे. ज्यांचं नाव मंडळीत चालू आहे त्यांनाच जागा. बाबांच्या शेजारची जागा रिकामी आहे आणि तू तेवीस वर्षं देवळाची पायरी चढलेली नाहीस. बाबा गेल्याच्या दुःखाने तू जाणं सोडलंस हे मी समजू शकते. पण दुःखालाही काही मुदत असते ना?

आमच्याकडे साक्ष-सप्ताह चालू आहे. प्रत्येकाने एकदा तरी उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. गायनमंडळातली ती बाई, जिला तू 'वरची पट्टी' म्हणतेस, तिने गेल्या वर्षी हरवलेलं कुकरचं झाकण प्रार्थनेने सापडल्याची साक्ष पंधरा मिनिटं दिली होती. माझी दर वर्षी पंचाईत होते. आमच्या घरी काही हरवतच नाही, मी सगळं लिहून ठेवते. पण या रविवारी मी तुझ्यासाठी उभी राहिले. काय बोलले ते भेटीत सांगेन.

तुझी,
मोठी


२० फेब्रुवारी

मोठे,
तुझ्या प्रभूला माझाही सलाम सांग. तुझं त्याच्याकडे रोजचं जाणंयेणं आहे.

तू माझ्यासाठी उभी राहिलीस असं वाचलं तेव्हा मला वाटलं, प्रार्थना केली असेल. करू दे बापडी, म्हटलं, फुकट असते. आज सकाळी मी दुकानामागे माझे आतले कपडे दोरीवर टाकत होते, तेवढ्यात मंडळीच्या तीन बाया आल्या. एक सेक्रेटरीबाई, एक गिटारवाली आणि तिसरी रडायला. सेक्रेटरीबाईंनी मला ओल्या कपड्यांसकट मिठी मारली. म्हणाल्या, "आजी, स्वर्गात आनंद झाला हो!" मी म्हटलं, "होऊ दे. पण चिमटे पडले, ते उचला."

मग त्यांनी मंडळीचं मासिक उघडून मलाच माझी बातमी वाचून दाखवली. 'एका भगिनीची साक्ष. माझी आई तेवीस वर्षं अंधारात होती.' अंधारात? मोठे, माझ्या दुकानात दोन ट्यूबलाइट आहेत. 'गेल्या महिन्यात ती गुडघे टेकून रडली आणि प्रभूच्या घरी परतली.' गेल्या महिन्यात मी गुडघे टेकले ते इस्त्रीच्या प्लगचा स्क्रू टेबलाखाली गेला म्हणून. रडले ते उठताना टेबल डोक्याला लागलं म्हणून. आणि तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते तुझ्या मासिकात छापता यायचं नाही.

त्यांनी दुकानातच गाणं सुरू केलं. चारही कडवी. शाळेतले मास्तर पँट द्यायला आले होते, ते पँट टेबलावर टाकून पळाले. आता त्यांना वाटतंय मी गेले.

ह्याच मंडळीचे झगे आणि वेदीची चादर मी इतकी वर्षं इस्त्री करते आहे. झगा बघून मला कळतं कोणाला उपदेश देताना घाम फुटतो आणि कोण बाहीला नाक पुसतो. मी त्यातलं कोणाला कधी सांगितलं का? आणि तू, माझी सख्खी मुलगी, माझे न टेकलेले गुडघे छापून आणतेस.

तू काय बोललीस ते आता सगळ्या जगाला माहीत आहे. का बोललीस तेवढं मला लिही.

आई

गाठ जागेवर आहे. ती मात्र कुठून कुठे परतलेली नाही.


२५ फेब्रुवारी

ती. आईस,
सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा दार लावून घेतलं. मासिकात छापतील हे मला खरोखर माहीत नव्हतं.

पण आई, ते खोटं नव्हे. त्याला आगाऊ आभार म्हणतात. आमचे पाळक शिकवतात, की मागितलेलं मिळालंच असं धरून मंडळीसमोर आधीच आभार मानायचे, म्हणजे विश्वास दिसतो. मिळाल्यावर आभार तर कोणीही मानेल. विजेचं बिल मुदतीआधी भरलं की सूट मिळते, तसंच काहीसं आहे. मी तुझ्या परत येण्याचे आभार आधी मानले, एवढंच. गुडघ्यांचं मात्र मी पदरचं घातलं. साक्ष फार लहान होत होती आणि वरची पट्टी घड्याळाकडे बघत होती.

इथलं सांगायचं तर हे पडले. 'बोला, तुम्ही काय पाहिलंत?' असा कापडी फलक देवळाच्या दारावर बांधायला शिडीवर चढले होते. फलक राहिला वर, हे आले खाली. उजव्या पायाचं हाड मोडलं, प्लास्टर मांडीपर्यंत. पाळकांनी लगेच दुसऱ्या रविवारी पाय बरा झाल्याचे आगाऊ आभार मानले. हे घरी म्हणतात, "मग प्लास्टरही आगाऊच काढा म्हणावं, खाज सुटली आहे." मी ऐकलं नाही असं केलं. गोदामातल्या नोकरीतून ह्यांना पगारी रजा मिळाली. पण मुलगा नोकरीला परगावी, त्यामुळे पाणी द्यायचं, उशी सरकवायची, कूस बदलून द्यायची, सगळं मलाच करावं लागतं. दोन महिने मला घराबाहेर रात्र काढता येणार नाही.

म्हणून पत्रातच विनवते. तुमच्याकडे नवे पाळक आलेत ते तुला भेटायला येणार आहेत, मासिक वाचून त्यांनीच मला कळवलं. ते विचारतील, की परत आलात का? तू फक्त 'हो' म्हण. एवढ्याने नाव पुन्हा चालू होईल. कमिटीवरच्या लाकडाच्या वखारवाल्याचा त्या जागेवर डोळा आहे, त्याच्या सासूसाठी. बाबांना आयुष्यभर गडबड सहन व्हायची नाही. त्यांच्या शेजारी वखारवाल्याची सासू कायमची झोपवायची का? आणि तू कुठे जाशील? नदीपलीकडच्या सार्वजनिक जागेत, अनोळखी लोकांत? तुझ्या ऑपरेशनच्या आधी हे एक काम झालं की मी निर्धास्त होईन.

एक 'हो', आई. इस्त्रीला कपडे द्यायला आलेल्या कोणालाही तू दिवसातून पन्नासदा म्हणतेस.

तुझी,
मोठी


३ मार्च

मोठे,

जावईबापूंना सांग, विणकामाची सुई प्लास्टरमध्ये घालून खाजवावं. प्रार्थनेपेक्षा खोल जाते.

तुझे ते नवे पाळक आले. अगदी तरुण आहे. दाढी ठेवायची की काढायची हे अजून ठरत नाहीये त्याचं. बसायला स्टूल दिलं तर त्यावरचे शर्ट अलगद उचलून मांडीवर घेऊन बसला. आल्यापासून ह्याचेही झगे माझ्याकडेच येतात, स्वच्छ असतात.

म्हणाला, "आजी, तुम्ही परत आलात असं वाचलं."

मी म्हटलं, "मी कुठे गेले होते? दुकान सकाळी आठ ते रात्री आठ उघडं असतं. तुमच्यातलं कोणी आलं नाही, झगे सोडून."

"म्हणजे मुलीने लिहिलं ते..."

"ते तिने देवाला उधारीवर दिलं. माझ्याकडून वसूल करू नका."

तो हसला आणि मग हसल्याबद्दल घाबरला. म्हणाला, "मग कमिटीला काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, म्हातारी नाही म्हणाली." तो बराच वेळ शर्टांची बटणं लावत बसला आणि गेला.

झालं. 'हो' मी म्हटलं नाही. आता का ते ऐक. हे मी तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तू तेव्हा पोटुशी होतीस, प्रवास करायचा नव्हता तुला, आणि तू आलीस तोवर तुझे बाबा मातीत गेले होते. दुःखाने मी देऊळ सोडलं ही गोष्ट तू तुझ्या मनाने रचलीस. मला ती सोयीची होती म्हणून चालू दिली.

बाबांचं रक्त बिघडलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या वेळचे जाडे पाळक तुला आठवत असतील. त्यांनी रविवारी भर मंडळीत बाबा बरे झाल्याचे आभार मानले. आगाऊ. टाळ्या झाल्या. मग तीस-चाळीस माणसं फुलं घेऊन घरी आली. बाबा अंथरुणात उठून बसले, मी मागून धरून ठेवलं होतं म्हणून बसले. सगळ्यांना 'हो हो, बरं वाटतंय' म्हणाले. लोक गेल्यावर मला म्हणाले, "आता बरं व्हायलाच हवं गं, नाहीतर पाळकांची काय शोभा राहील?"

बुधवारी गेले. जाण्याआधी शुद्ध होती तेव्हा पाळकांना बोलवायला लावलं आणि त्यांची माफी मागितली. जगता आलं नाही म्हणून माफी, मोठे. माझ्या नवऱ्याने.

आणि शवपेटीसमोर उभं राहून तो जाडा काय म्हणाला? 'प्रभू द्यायला तयार होता, पण घरच्यांचा विश्वास कमी पडला.' घरची म्हणजे मी. दुसरं होतं कोण? मी पेटीवरची चादर सरळ केली, तिला एक चुणी होती, आणि बाहेर पडले.

देवाशी माझं बोलणं बंद नाही. रोज इस्त्री तापेपर्यंत मी त्याला काय काय सुनावते, तो ऐकून घेतो, त्याच्या बाजूने आजवर काही उत्तर आलेलं नाही. पण जे झालंच नाही ते झालं म्हणून सांगायला मी त्या पायऱ्या चढायची नाही. जागा गेली तर जाऊ दे.

आई


२४ मार्च

ती. आईस,

तुझं पत्र आल्याला तीन आठवडे होत आले. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची. ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पलंगावरून हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला.

बाबा विश्वासाने शांतपणे गेले असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. साक्षीतही सांगितलंय, दोनदा. मी स्वतः बघितलं तर त्यातलं काहीच नव्हतं.

काल रविवारी मी मंडळीत उठून उभी राहिले. पाळकांना वाटलं, ह्यांच्या पायाचं काही असेल. त्यांनी हाताने 'या, पुढे या' केलं. मी जागेवरूनच बोलले. पुढे जायला निघाले असते तर पाय मागे वळले असते. म्हटलं, "फेब्रुवारीत मी माझ्या आईबद्दल जी साक्ष दिली ती खोटी होती."

सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "हालेलूया!"

सवय, आई. ते ऐकत नव्हते. मी पुन्हा म्हटलं, "मी खोटं बोलले. माझी आई परतलेली नाही. ती गुडघेही टेकलेली नाही." मागच्या बाकावरचे आजोबा एकटेच 'आमेन' म्हणाले आणि मग त्यांनाही शंका आली. असली शांतता आमच्या देवळात अंत्यविधीलाही नसते. मग मी बाबांचं सांगितलं. फुलांचं, माफीचं, पेटीसमोरचं, तू लिहिलंस तसं, पदरचं एक अक्षर न घालता. जाड्या पाळकांना 'जाडे' म्हटलं नाही, एवढंच गाळलं.

आमचे पाळक लालबुंद झाले. म्हणाले, "बहिणाबाई, सैतान अशा वेळी विश्वासावर हल्ला करतो." तेवढ्यात वरची पट्टी उठली. मला वाटलं, आता गाते. ती म्हणाली, "माझं कुकरचं झाकण नव्या सुनेने लपवलं होतं. प्रार्थनेने नाही, भांडणाने सापडलं." आणि बसली. त्यानंतर उपासना आटोपशीर झाली. बाहेर पडताना कोणी माझ्याशी बोललं नाही, पण तिघीजणींनी हात दाबला.

मासिकाला दुरुस्ती पाठवली. 'जागेअभावी' छापता येणार नाही असं उत्तर आलं. खोट्याला त्यांच्याकडे अर्धं पान होतं.

तुमच्या नव्या पाळकांनाही मी स्वतंत्र लिहिलं. ते मला तुझ्यापासून लपवायचं नाही. जागा मागितली नाही, फक्त जे झालं ते कळवलं.

आता मला तुला 'ये' म्हणायला तोंड नाही. ऑपरेशनची तारीख तेवढी कळव. ह्यांच्यापाशी कोणाला तरी बसवून मी येते.

तुझी,
मोठी


२९ मार्च

मोठे,

तुझं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं आणि वखारवाल्याचा सदरा जाळला. छातीवरच. काही हरकत नाही, तो बटणं उघडीच ठेवतो.

हालेलूयापाशी मी इतकी हसले की गाठ दुखली. मग पुढचं वाचलं. आपल्या घराण्यात आजवर झालेल्या साक्षींपैकी ही पहिली मला पटली. साक्ष म्हणजे तरी काय गं? जे झालं ते सांगावं. जे व्हावंसं वाटतं ते रात्री उशीत तोंड खुपसून मागावं, माइकवर नव्हे.

तुझा तो तरुण पाळक परवा पुन्हा आला. ह्या वेळी काही विचारलं नाही. गॅसचं रिकामं सिलिंडर बाहेर नेऊन ठेवलं, बिनसाखरेचा चहा प्याला. मग म्हणाला, "आजी, त्या दिवशी पेटीसमोर मी असतो तर काय बोललो असतो हे मी आठवडाभर शोधतोय. काहीच सापडत नाही. गप्प बसलो असतो." मी म्हटलं, "तेवढंच हवं होतं." तो म्हणाला, "जागेचं मी बघतो. कमिटीशी भांडतो." मी म्हटलं, "वखारवाला भारी आहे, चावेल." तो म्हणाला, "चावू दे." मला माणूस आवडला. हरला तरी आवडेल. आणि जागेची काळजी तू करू नकोस. तुझे बाबा जन्मभर पलंगाच्या कडेला झोपले, मला ऐसपैस जागा ठेवून. वखारवाल्याची सासू आली तरी ते सरकून मला जागा करतील.

ऑपरेशन एक एप्रिलला आहे. देवाला विनोद करायचाच असेल तर तारीख सोयीची आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर मला कापून झालेलं असेल, हे मी मुद्दाम केलंय. तू नवऱ्याला प्लास्टरसकट टाकून धावत यायचं नाही. शेजारचा औषधवाला मला घेऊन जाणार आहे. पाळकही येतो म्हणाला, गप्प बसायला.

एकच मागणं. वाचले तर साक्ष देऊ नकोस. गेले तर कारण सांगू नकोस.

खोटं कशाला बोलू, भीती वाटते आहे. काल इस्त्री तापेपर्यंत त्याला नेहमीसारखं सुनावायला गेले आणि शब्दच आले नाहीत. नुसता हात धरल्यासारखी उभी राहिले. कोणाचा ते विचारू नकोस. छापून आणशील.

आई


२ एप्रिल

ती. आईस,

तुझं पत्र आज दुपारी आलं. तू फसवलंस. मोजे पाठवणारी बाई अशी तारीख लपवते!

कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडून हॉस्पिटलला फोन लावला. वॉर्डातली बाई म्हणाली, "नातेवाइकांनी समक्ष यावं," आणि ठेवून दिला. चांगलं की वाईट हे तिच्या आवाजावरून कळत नाही, सगळ्यांशी ती तशीच बोलत असणार. परत लावला तर लागेना. शेवटची बस निघून गेली होती. वरची पट्टी संध्याकाळी आली, ह्यांना जेवू घातलं, सगळी भांडी घासली आणि एकही सूर लावला नाही. उद्यापासून ह्यांच्यापाशी ती बसेल. सकाळच्या पहिल्या बसने मी निघेन असं म्हणते, पण रस्त्यात पुलाचं काम चालू आहे आणि बसवाला सुटेल की नाही याची खात्री देत नाही. म्हणून हे पत्र रात्रीच्या टपालात टाकते आहे. जे आधी पोचेल ते.

पाळकही आले होते. म्हणाले, "भगिनी, उद्याच्या प्रार्थनासभेत आईसाठी आगाऊ आभार मानू या." मी म्हटलं, "थांबा. आधी बातमी येऊ दे." ते म्हणाले, "आणि बातमी वाईट आली तर?" मी म्हटलं, "तर मी रडेन, आणि तुम्ही गप्प बसायला या." हे पलंगावरून म्हणाले, "येताना बिनसाखरेचा चहा घ्यायची तयारी ठेवा." पाळकांना काही कळलं नाही.

आई, मी आज आभार मानले नाहीत. ओठांवर आले ते गिळले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे देवाला सांगायला काही नाही, विचारायलाच आहे. अभ्रा उशीवर घातला आणि तू सांगितलंस तसं तोंड खुपसून विचारलं. तुझी इस्त्री मोडली, माफ कर.

तुझ्याने धरवत असेल तर पेन्सिल मागून घे. उलट टपाली कळव. फार लिहू नकोस, कसं वाटतं ते नको, प्रभूच्या नावाने सलामही नको. एक शिवी लिहून पाठव, मी तुझं अक्षर ओळखते.

तुझी,
मोठी